हौदात मासे, वाफ्यात भाजी : आधी शिका, मग टाकी घ्या

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



गट ऑफिसवर येणाऱ्या सभासदांचे प्रश्न तसे ठरलेले असतात. नोंद लागली का, तोड कधी, खोडव्याला खत काय टाकायचं, हुमणीला औषध कोणतं. अलीकडे मात्र त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, माशांच्या पाण्यावर भाजी करायचं काढलंय म्हणे. मातीच लागत नाही. आपल्याला जमंल का?"

या पद्धतीला ॲक्वापोनिक्स म्हणतात. विचारणारे सभासद दोन प्रकारचे असतात. एकाला घरापुरती ताजी, बिनफवारणीची भाजी हवी असते. दुसऱ्याने मोबाइलवर "एका गुंठ्यात लाखो रुपये" असे काहीतरी पाहिलेले असते आणि शेडचे, टाक्यांचे कोटेशन त्याच्या खिशात असते. पहिल्याला माझे उत्तर आहे, 'जरूर करा, पण लहान करा आणि शिकून करा.' दुसऱ्याला माझे उत्तर आहे, 'थांबा.' दोन्ही उत्तरांमागची कारणे या लेखात सविस्तर मांडतो. पटली तर घ्या.

बागाईतदाराच्या घरात बाजारची भाजी

आधी एक कडू गोष्ट बोलू. आपल्या कार्यक्षेत्रातील सभासद बागाईतदार आहेत. विहिरीला पाणी आहे, बारमाही पीक आहे. तरीसुद्धा आपल्यापैकी कितीतरी घरांत मेथीची जुडी आठवडी बाजारातून येते. पूर्वी लागणीच्या सरीत कोथिंबीर, मेथी, कांदा असायचा. पाटाच्या कडेला वांगी, मिरची, गवार असायची. बांधावर घेवड्याचा वेल असायचा. मग तणनाशके आली, मजूर मिळेनासे झाले, बांध अरुंद झाले आणि ही भाजी हळूहळू गेली. ऊस पिकवणारा शेतकरी खाण्याच्या बाबतीत गिऱ्हाईक झाला. भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, तिच्यावर काल कशाची फवारणी झाली, हे आपल्याला कळत नाही आणि विचारायची सोय नाही.

तेव्हा घरची भाजी घरी पिकावी ही ओढ योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की त्यासाठी मासे, पंप आणि शेड यांचा खटाटोप करावा का? याचे उत्तर देण्याआधी ही पद्धत चालते कशी, ते पाहू.

युरियाचीच गोष्ट, पण हौदातली

ऊस उत्पादकाला हे समजायला अवघड नाही. आपण युरिया टाकतो तेव्हा मातीत त्याचा अमोनिया होतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू, म्हणजे नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा, त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. मुळे अमोनियम किंवा नायट्रेट या रूपात नत्र उचलतात. जे उचलले जात नाही ते पाण्याबरोबर खाली जाते किंवा हवेत उडते.

हौदात हेच घडते. मासा खाद्य खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो साचला तर मासा मरतो. म्हणून हौदाचे पाणी छोट्या पंपाने खडीच्या वाफ्यात सोडायचे. खडीच्या दाण्यांवर वरील दोन्ही गटांचे जिवाणू वस्ती करून राहतात, अमोनियाचे नायट्रेट करतात, भाजीची मुळे ते उचलतात आणि साफ झालेले पाणी परत हौदात पडते. माती नाही, पण मातीतले काम करणारे जिवाणू तेच आहेत.

आता विक्रेते एक गोष्ट सांगतात, तिचा हिशेब आपण करू. ते म्हणतात, "मासे फुकट खत देतात." हे खरे नाही. मासा खत निर्माण करीत नाही, तो खाद्यातल्या नत्राचे रूप बदलतो. ३२ टक्के प्रथिनांच्या खाद्यात सुमारे ५ टक्के नत्र असते. घरगुती हौदात साडेसात किलो मासे वाढवायला सुमारे १२ किलो खाद्य लागते. त्यात नत्र किती? सुमारे ६०० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो युरियाएवढे. त्यातलाही चौथा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. सव्वा किलो युरियाला काय पैसे पडतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि १२ किलो खाद्याला काय पडतात ते दुकानात विचारा. खताची बचत म्हणून कोणी हे करायला जाईल तर तो फसेल. फायदा आहे तो असा, की एकाच खाद्यात आणि एकाच पाण्यात मासा आणि भाजी ही दोन कामे होतात, आणि पाणी वाया जात नाही. १००० लिटरच्या हौदात रोज साधारण १० ते ३० लिटर भर घालावी लागते, तेवढीच.

काचघर कोणाच्या हवेसाठी?

दुसरी गोष्ट शेडची. हे तंत्र आले कुठून ते कळले म्हणजे शेडचा प्रश्न सुटतो. माशांचा हौद हरितगृहात ठेवून घरचे अन्न पिकवण्याचे गाजलेले प्रयोग १९६९ साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या केप कॉड भागात केले. जॉन टॉड, नॅन्सी टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी ही तिच्या संस्थापकांची नावे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. हरितगृहाने दिवसाची ऊब आत धरायची आणि हौदातल्या पाण्याने ती रात्रीसाठी साठवायची, असा त्यात हेतू होता. त्यांच्या हवेला ते बरोबरच होते.

पुढे जेम्स रॅकॉसी यांनी व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, सेंट क्रॉय बेटावर, १९८० पासून या पद्धतीवर वर्षानुवर्षे काम केले. तो मुलूख उष्ण. तिथे त्यांनी तिलापिया मासा, सॅलडची पाने आणि तुळशीच्या जातीची बॅसिल ही पिके उघड्यावर घेतली. काचघर नाही, पॉलिहाऊस नाही. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान प्रमाणावरच्या ॲक्वापोनिक्सवर मोठे मार्गदर्शक पुस्तक काढले. माशांची संख्या, खाद्य आणि वाफ्याचे क्षेत्र यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यात तपशीलवार दिले आहे.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो. बंद प्लॅस्टिकच्या घरात भाजी उकडून निघेल आणि हौदाचे पाणी तापेल. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात. मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो. म्हणून आपल्या हवेला बंद घर नको. पावसाळ्यासाठी वर प्लॅस्टिकचा कागद, बाजूंना जाळी, उन्हाळ्यात वर ५० टक्क्यांचे शेडनेट आणि हौद निम्मा जमिनीत पुरलेला, एवढे पुरे. बांबू आपल्याच बांधावर असतात. परदेशचे चित्र दाखवून कोणी लोखंडी सांगाडा गळ्यात मारत असेल, तर त्याला विचारा, "बाबा, आमच्याकडे बर्फ कधी पडतो?"

एका घराचे माप

शिकणाऱ्याने कुठवर जावे, ते माप देतो.

हौद १००० लिटरचा. त्यात २५ मासे, जास्त नाहीत. सायप्रिनस हा काटक मासा शिकणाऱ्याला बरा. प्रत्येकी ३०० ग्रॅमपर्यंत वाढले तर साडेसात किलो होतात. हजार लिटरला १० ते २० किलोपर्यंत मासे ठेवता येतात असे पुस्तक सांगते. पण रानातल्या वस्तीवरच्या विजेचा भरवसा धरता आपण कमीच ठेवावेत. मोठ्या माशांना रोज वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागेल. पालेभाजीला वाफ्याच्या चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य असा मेळ आहे. म्हणजे वाफा अडीच चौरस मीटर, सुमारे २७ चौरस फूट. चार बाय साडेतीन फुटांचे दोन वाफे केले की काम झाले. मासे लहान असताना एकच वाफा लावावा.

वाफ्यात फूटभर खडी. आपला काळा पाषाण उत्तम. धुऊन भुकटी काढून टाकावी. खडीवर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर चुनखडी आहे, ती घेऊ नये. दोन्ही वाफ्यांची खडी सव्वा टनाच्या आसपास भरते आणि हौद भरला की आणखी एक टन. तेव्हा हा संसार जमिनीवरच मांडावा. गच्चीवर न्यायचा तर आधी जाणत्या माणसाला विचारावे.

पाण्याचा व हवेचा पंप मिळून ४० वॅटपर्यंत. दिवसाला सुमारे एक युनिट, महिन्याला तीस. हे बिल धरूनच हिशेब मांडावा.

एवढ्यातून घरची सगळी भाजी निघेल असे मी म्हणणार नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळची पालेभाजी, हाताशी कोथिंबीर, चार मिरच्या, हंगामात थोडे टोमॅटो, एवढी अपेक्षा ठेवावी.

माशांच्या जातीबद्दल एक इशारा. 'मांगूर' म्हणून कोणी थाई मांगूरचे बी आणून देईल. हा मासा पाळायला आपल्या देशात बंदी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. तिलापियालाही सरकारी नियम आहेत. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारल्याशिवाय आणू नये. आणि माळकरी घरांनी बिचकायचे कारण नाही. मासा खाल्लाच पाहिजे असे या पद्धतीत कुठे आहे? कोई किंवा गोल्डफिश ठेवले तरी जिवाणू आपले काम करतातच.

पहिले सहा आठवडे

बहुतेकांची गाडी इथेच अडते. हौद भरला, खडी टाकली, दुसऱ्या दिवशी मासे सोडले की चौथ्या दिवशी मासे मेले. कारण खडीवर अजून जिवाणूंची वस्तीच झालेली नसते. ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरून नायट्राइट वाढते, मग तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. शोभेच्या माशांच्या दुकानात पाणी तपासायचे किट मिळते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही लिटरला एक मिलिग्रॅमच्या खाली येऊन तिथेच राहिले म्हणजे हौद पिकला असे समजावे. तोवर चार-दोन मासे आणि चिमूटभर खाद्य. लागणीला बेणे निवडण्यात आपण घाई करीत नाही, तसेच हे.

पाण्याचा सामू ७ च्या आसपास हवा. आपल्या विहिरींचे पाणी बहुधा त्याहून चढे असते आणि काही गावांत क्षारही जास्त आहेत. क्षाराचे पाणी मासा एक वेळ सोसेल, भाजी सोसणार नाही. म्हणून टाकी घेण्याआधी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवावे.

पुढे कधीतरी कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील. हे पाहून ऊसवाला लगेच म्हणेल, "केवडा पडलाय." बरोबर! चुनखडीच्या जमिनीत उसाला लोह मिळत नाही म्हणून केवडा पडतो. हौदातही सामू चढला की लोह अडकते, आणि माशाच्या खाद्यात मुळातच लोह कमी असते. फक्त हौदात हिराकस टाकू नये, ती लगेच निकामी होते. चिलेटेड लोह थोडे थोडे द्यावे.

वीज गेली तर?

मागच्या उन्हाळ्यात आपल्याच कार्यक्षेत्रातील एका वस्तीवर हजार लिटरमध्ये दोनशेच्या वर मासे होते. विकणाऱ्याने तसेच सांगितले होते. मे महिन्यात रात्री वीज गेली, पंप बंद पडला आणि उजाडायच्या आत बहुतेक मासे गेले. त्या कुटुंबाने कर्ज काढले होते. मासे गेले, हप्ते राहिले.

गर्दी जास्त तेवढा वेळ कमी. पंचवीस मासे असतील तर वीज गेल्यावर आपल्याला काही तास सावरायला मिळतात. दोनशे असतील तर मिळत नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असावा, आणि तोही नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसायची तयारी असावी.

मग हे करायचे कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ज्याच्या परसात चांगली माती आहे त्याने आधी परसबाग करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक कुदळ, चार पाट्या शेणखत आणि न्हाणीचे पाणी यांवर येणारी भाजी हौदाच्या भाजीपेक्षा स्वस्त पडते. लागणीनंतरचे पहिले आठ-दहा आठवडे सरीत कोथिंबीर-मेथी घ्यावी. ज्याचे शेततळे आहे त्याने त्यात मासे सोडून तेच पाणी भाजीला द्यावे. त्याला खडी नको आणि दिवसरात्र चालणारा पंप नको.

मग ॲक्वापोनिक्स कोणासाठी? ज्याची जमीन चोपण झाली, ज्याच्या घराभोवती फक्त मुरूम आहे, ज्याला पाणी मोजून वापरावे लागते, अशांसाठी ते उपयोगाचे आहे. पण माझ्या दृष्टीने त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे. ते शिकणाऱ्याला मोजायला लावते.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. सगळे युरियातून दिले तरी एकरी २१७ किलो, म्हणजे ४५ किलोच्या पाच पोत्यांहून कमीच. आपण किती टाकतो? शेजाऱ्याने आठ टाकली म्हणून आपण नऊ टाकतो. पाटाला पाणी सोडून घरी येऊन झोपतो. आणि ऊस काही बोलत नाही. जमीन दहा-पंधरा वर्षे सोसते, मग चोपण होते, उतारा घसरतो आणि आपण म्हणतो, "जमीन म्हातारी झाली." चूक आणि तिचे फळ यांत इतके अंतर पडते की कारण आपल्या ध्यानात येत नाही.

हौदात हे अंतर एका रात्रीचे असते. संध्याकाळी मूठभर खाद्य जास्त पडले तर सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून तडफडताना दिसतात. भाजीवर कीटकनाशक मारले तर मासे जातात. तंबाखूचा काढाही त्यांना मारतो. किती घातले, किती उचलले गेले, किती शिल्लक राहिले, याचा हिशेब रोज ठेवावा लागतो. ज्या घरातील मुलगा वर्षभर असा हौद सांभाळेल, तो उद्या उसाला डोळे झाकून नववे पोते टाकणार नाही, असा मला विश्वास वाटतो. ठिबकमधून खत हप्त्याहप्त्याने का द्यायचे, हेही त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.

एक गोष्ट पुरुष सभासदांना सांगितली पाहिजे. दोन वेळचे खाद्य, पाण्याची भर, पंपाची जाळी साफ करणे ही रोजची कामे आहेत. हौस आपली आणि राबणूक घरच्या बाईची, असे होऊ नये. तिला विचारून, कामे वाटून घेऊन मगच हात घालावा.

कर्ज काढून तर मुळीच करू नये. आपल्या उसाला ठरलेला घेणारा आहे, वजनकाटा आहे, बिल बँकेत जमा होते. माशाच्या पाण्यावरच्या भाजीला आपल्या बाजारात वेगळा भाव मिळत नाही. मेथीची जुडी ती मेथीचीच जुडी. घरात खाल्ली तर तिचे मोल आहे, विकायला नेली तर हिशेब जुळत नाही.

ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांना माझी सूचना अशी, की एकेकट्याने सुरुवात करू नये. गावातील आठ-दहा घरांनी मिळून एक हौद करावा, पाळ्या लावाव्यात, वही ठेवावी. जून-जुलैत हौद भरून खडी पिकवायला लावावी. ऑगस्ट-सप्टेंबरात बोटुकली मिळते, तेव्हा मासे सोडावेत. थंडीत मासा कमी खातो, तेव्हा खाद्य आवरावे आणि पुढचा मे महिना पार पडेपर्यंत दुसरा हौद घेण्याचे मनातही आणू नये. मे निभावला की त्या वहीवरून ठरवावे.

पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, वर नाव व गट नंबर लिहून, गट ऑफिसवर आणून द्यावा. आणि कोटेशन खिशात असेल, तर सही करण्याआधी तेही दाखवायला आणावे. दोघे बसून हिशेब मांडू.